आमच्या बाटल्या बाजूला न सारणाऱ्या फार्मासिस्ट मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र केवळ आपल्या नावे पाठवता आले असते. तरीही ते सर्वांना वाचता येईल अशा रीतीने लिहीत आहे, कारण लाइम, म्हणजे गोचीड चावल्याने होणारा जिवाणूंचा आजार, झालेल्या मुलाच्या घरात वनौषधींचा विचार कधी ना कधी होतोच, आणि बहुतेक वेळा तो उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या कानावर न घालता होतो. आपण आम्हा दोघांना जे समजावून दिलेत, ते त्या घरांपर्यंतही पोहोचावे असे मला मनापासून वाटते.

आमच्या मुलीला गोचीड केव्हा चावली हे आम्हाला कधी कळलेच नाही. वाढीच्या मधल्या अवस्थेतली गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते आणि तिचा चावा दुखत नाही. या आजाराची ओळख असलेला पसरत जाणारा लाल चट्टा सुमारे 70 ते 80 टक्के रुग्णांना उठतो. आमची मुलगी उरलेल्यांपैकी निघाली. गुडघा सुजून फुगला तेव्हा तपासण्या झाल्या, निदान झाले आणि सांध्यांच्या लाइमसाठी देतात तो 28 दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स तिने पूर्ण केला. सूज बरीच उतरली, पण गेली नाही. ती लवकर दमत असे. डॉक्टरांनी दुसरा कोर्स सुचवला, आणि नेमक्या त्याच सुमारास आमच्याकडे वनौषधींच्या सल्ल्यांची रीघ लागली. सांगणारी सगळी माणसे जिव्हाळ्याची होती. कोणी क्रिप्टोलेपिसचा अर्क सुचवला, कोणी जॅपनीज नॉटवीडच्या कॅप्सूल, कोणी काळमेघ, तर कोणी चांदीचे सूक्ष्म कण मिसळलेले पाणी. दुसरा कोर्स द्यावा की त्याऐवजी हे सुरू करावे, असा प्रश्न आमच्यापुढे उभा होता, आणि त्याचे उत्तर शोधायला आम्ही कोणाकडे जावे हेही कळत नव्हते. एका बाजूचे लोक म्हणत की अँटिबायोटिकने मुलाची प्रतिकारशक्ती खचते, दुसऱ्या बाजूचे म्हणत की झाडपाल्याच्या नादी लागू नका, आणि दोन्हीकडे पुढे काही विचारण्याची सोय नव्हती.

आपण विचारण्याची सोय करून दिलीत. आम्ही आणलेली प्रत्येक बाटली, पुडी आणि कॅप्सूल आपण समोर मांडून घेतलीत, लेबल वाचलेत, आणि प्रत्येकाबद्दल तेच प्रश्न विचारलेत: यात नेमकी कोणती वनस्पती आहे आणि तिचा कोणता भाग, किती मात्रेत, हे कशासाठी द्यायचे ठरवले आहे, सोबत दुसरे कोणते औषध चालू असेल, आणि हे बंद करण्याची वेळ आली हे आपल्याला कशावरून कळणार. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर एकाही लेबलवर नव्हते आणि आमच्याकडेही नव्हते. आपल्या आवाजात उपहासाचा लवलेश नव्हता म्हणूनच आम्ही सगळे सांगू शकलो. एखादी बाटली घरी लपवून ठेवावी असे त्यानंतर आम्हाला वाटले नाही, आणि माझ्या मते आपण केलेली सर्वांत मोठी मदत हीच आहे.

क्रिप्टोलेपिसचे नाव निघताच त्यामागचा अभ्यास कोणता हे आपल्याला ठाऊक होते, याचे मला फार समाधान वाटले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी सहकाऱ्यांसह 2020 साली प्रसिद्ध केलेल्या त्या अभ्यासात काही वनस्पतींच्या अर्कांनी प्रयोगशाळेत लाइमच्या जिवाणूंवर खरोखरच चांगला परिणाम दाखवला होता. क्रिप्टोलेपिस आणि जॅपनीज नॉटवीड त्यांत आघाडीवर होते. आपण हे नाकारले नाहीत. आपण पुढचे सांगितलेत, जे आम्हाला तोवर कोणी सांगितले नव्हते. ते जिवाणू काचेच्या भांड्यात वाढवलेले होते आणि अर्क थेट त्यांच्यावर टाकलेला होता. तोच अर्क मुलाने पोटात घेतला तर त्यातले किती रक्तात उतरते, किती यकृतात मोडून जाते, गुडघ्याच्या सांध्यापर्यंत काय पोहोचते आणि वाटेत कोणत्या अवयवाला त्रास होतो, यांपैकी कशाचेही उत्तर काचेचे भांडे देत नाही. क्रिप्टोलेपिसमधले मुख्य द्रव्य प्रयोगशाळेत पेशींच्या डीएनएलाही चिकटते, त्यामुळे वाढत्या वयाच्या मुलाच्या बाबतीत हा प्रश्न किरकोळ ठरत नाही, हेही आपण सांगितलेत. आणि त्याच अभ्यासात काळमेघ, स्टीव्हिया व चांदीचे पाणी यांचा परिणाम अगदी थोडा किंवा शून्य आढळला होता. म्हणजे ज्या अभ्यासाचा दाखला देऊन आम्हाला या वस्तू सुचवल्या गेल्या, त्याच अभ्यासाने त्यांपैकी दोन बाद केल्या होत्या.

वनस्पतींबद्दल आपल्या मनात आकस नाही हे आपण आर्टेमिसियाच्या उदाहरणावरून दाखवलेत. त्या झुडपातून आर्टेमिसिनिन वेगळे काढून त्याचे मलेरियावरचे औषध झाले आणि त्या कामासाठी तू यूयू यांना 2015 चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण वनस्पतीपासून औषधापर्यंतच्या त्या वाटेवर शुद्ध द्रव्य, ठरलेली मात्रा आणि माणसांवरच्या चाचण्या हे सगळे टप्पे होते, आणि मलेरियाचा परजीवी व लाइमचा जिवाणू हे अगदी निराळे जीव आहेत. लाइम झालेल्या मुलांना वनौषधी देऊन त्यांची तुलना नेहमीच्या उपचाराशी करणारी नीट चाचणी उपलब्ध नाही. त्यामुळे मुलासाठी मात्रा किती, या प्रश्नाला आपण "ठाऊक नाही" असे सरळ उत्तर दिलेत. मोठ्या माणसाची मात्रा वजनाच्या हिशेबाने निम्मी केली की मुलाची होते, असे बाटलीवर सुचवलेले होते. औषधे तशी मोजली जात नाहीत, हे आपण किती संयमाने समजावलेत.

मात्र ज्या एका गोष्टीसाठी मी आपली जन्मभर ऋणी राहीन, ती 'हर्क्स' या शब्दाबद्दलची. आम्हाला सांगण्यात आले होते की अर्क सुरू केल्यावर मूल जास्त आजारी दिसू लागले, ताप आला, उलट्या झाल्या, अंगावर पुरळ उठले, तर घाबरू नका. जिवाणू मरत आहेत याची ती खूण आहे, मात्रा कमी करू नका, हे आठवडेच्या आठवडे चालू शकते. आपण हे शांतपणे ऐकून घेतलेत आणि मग सांगितलेत की यारिश आणि हर्क्सहायमर या दोन डॉक्टरांच्या नावाने ओळखली जाणारी ही प्रतिक्रिया खरी आहे, लाइमवर अँटिबायोटिक सुरू केल्यावरही काही रुग्णांमध्ये ती दिसते, पण ती साधारणतः पहिल्या 24 तासांत येते आणि दिवसभरात ओसरते. आठवड्यांनंतरही मूल खालावत असेल तर त्याला हे नाव देणे धोक्याचे आहे. मूल बरे झाले तर औषध लागू पडले आणि मूल बिघडले तरी औषध लागू पडले, असे मानले की औषध चुकत असल्याचे कळण्याचा एकही मार्ग आईवडिलांकडे उरत नाही, आणि त्या अवधीत यकृताला होणारी इजा, अ‍ॅलर्जी किंवा निराळाच एखादा आजार वाढत राहतो. काळमेघाने गंभीर अ‍ॅलर्जी होऊ शकते, हे आपण त्याच ओघात सांगितलेत. डोळे पिवळे दिसणे, लघवी गडद होणे, पुरळ, चेहऱ्यावर सूज, सतत उलट्या, छातीत धडधड किंवा चक्कर, यांपैकी काहीही दिसले तर देत असलेले बंद करून तत्काळ डॉक्टरांना गाठायचे, हे आपण कागदावर लिहून दिलेत. हे पत्र वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी वनौषधी आधीच सुरू असतील, त्यांनी निदान एवढा एक कागद तरी आपल्याजवळ ठेवावा.

बाकीच्या बाटल्यांचा निकाल लवकर लागला. टिंक्चरमध्ये निम्म्याच्या आसपास अल्कोहोल होते. ताकद वाढवणाऱ्या पुडीत कॅल्शियम, लोह आणि जस्त होते, आणि ही खनिजे डॉक्सीसायक्लिन या लाइमवरच्या अँटिबायोटिकला आतड्यात बांधून ठेवतात, त्यामुळे औषध वेळेवर घेऊनही ते शरीराला पुरेसे मिळत नाही. चांदीच्या पाण्याने कातडी कायमची निळसर राखाडी होऊ शकते. एका डबीवर उत्पादकाचा पत्ताच नव्हता. तेव्हा आपण 2008 साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आलेल्या तपासणीची आठवण दिलीत, जिच्यात इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या 193 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे एक पंचमांश उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते. शिशाचा मुलांच्या मेंदूवर होणारा परिणाम ऐकल्यावर ती डबी परत घरी नेण्याची आमची इच्छा उरली नाही.

अँटिबायोटिकबद्दलची आमची भीतीही आपण तितक्याच गांभीर्याने ऐकलीत. डॉक्सीसायक्लिनने मुलांचे दात पिवळे पडतात, हे आम्ही सगळीकडून ऐकले होते. तो डाग जुन्या टेट्रासायक्लिन औषधांचा आहे, 21 दिवसांपर्यंतचा डॉक्सीसायक्लिनचा कोर्स आता कोणत्याही वयाच्या मुलाला देता येतो असे अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते, आणि आमची मुलगी आठ वर्षांहून मोठी असल्याने तिच्या बाबतीत तो प्रश्नच नाही, हे कळल्यावर मनावरचे मोठे ओझे उतरले. खरी काळजी कशाची घ्यायची तेही आपण सांगितलेत: गोळी भरपूर पाण्यासोबत घ्यायची, घेतल्यावर लगेच आडवे व्हायचे नाही, आणि उन्हात कातडी झाकायची. अँटिबायोटिक अमर्याद काळ चालू ठेवण्याच्या सल्ल्यालाही आपण तेवढ्याच स्पष्टपणे विरोध केलात. महिनोन्महिने अँटिबायोटिक देऊन रेंगाळणाऱ्या तक्रारींत टिकाऊ सुधारणा होत नाही, असे अनेक चाचण्यांतून दिसले आहे, आणि शिरेतून दिल्या जाणाऱ्या दीर्घ उपचारांनी रुग्णांना गंभीर जंतुसंसर्ग झाल्याची उदाहरणे आहेत. दुसऱ्या कोर्सनंतरही सूज राहिली तर तो बहुधा जिवंत जिवाणूंचा प्रश्न नसून शरीराच्या प्रतिकारयंत्रणेचा असतो आणि त्यासाठी संधिवाततज्ज्ञ असतात, हे आधीच माहीत असल्यामुळे पुढच्या काळात आम्ही सैरभैर झालो नाही.

मी एकदा चिडून म्हटले होते की आईचे कोणी ऐकतच नाही. तेव्हा आपण मला पॉली मरी यांच्याविषयी सांगितलेत. कनेक्टिकट राज्यातील लाइम या गावात राहणाऱ्या या आईने आजूबाजूच्या मुलांचे सुजलेले सांधे आणि चट्टे यांची टिपणे ठेवली, 1975 साली त्यांनी आणि आणखी एका आईने आरोग्य विभागाला कळवले, आणि त्यातून येल विद्यापीठातील अ‍ॅलन स्टीअर यांचा शोध सुरू झाला. त्यांच्या पहिल्या 51 रुग्णांपैकी 39 मुले होती. जिवाणू विली बर्गडॉर्फर यांना सापडला तो त्यानंतर काही वर्षांनी, पण सुरुवात आईच्या वहीपासून झाली होती. "तुम्हीही वही ठेवा," असे आपण म्हणालात, आणि त्या दिवसापासून मी मुलीची झोप, ताप, गुडघ्याची सूज, शाळेतली हजेरी आणि पोटात गेलेली प्रत्येक गोष्ट लिहीत गेले. ती वही पाहून डॉक्टरांनी आमच्याशी केलेले बोलणे पूर्वीपेक्षा किती निराळे होते! माझ्या निरीक्षणाला मान मिळाल्यावर अर्काच्या बाटलीतून मी जो दिलासा शोधत होते, त्याची गरज बरीचशी राहिली नाही, असे मला आता प्रामाणिकपणे वाटते.

मुलीने दुसरा कोर्स पूर्ण केला, सोबत फिजिओथेरपी घेतली, आणि पुढच्या काही महिन्यांत सूज उतरली. ती आता पळते. थकवा अधूनमधून जाणवतो, पण तोही कमी होत आहे. वनौषधी आम्ही दिल्या नाहीत, आणि हा निर्णय कोणी आमच्यावर लादला नव्हता.

वनस्पतीपासून मिळालेली एक गोष्ट मात्र आपल्याच सल्ल्याने घरात आली आहे. लेमन युकॅलिप्टसपासून तयार केलेले, गोचीड दूर ठेवण्यासाठी तपासून नोंदवलेले औषध आम्ही बाहेर जाताना लावतो. नाव सारखे असले तरी बाजारात मिळणारे लेमन युकॅलिप्टसचे सुगंधी तेल ते नव्हे, आणि तीन वर्षांखालील मुलांना ते लावायचे नाही, हे आपण दोनदा बजावले होते. घरी आल्यावर मुलीचे केस, कानांमागची जागा, काखा आणि गुडघ्यांमागची घडी आम्ही तपासतो, कारण गोचीड साधारण दीड दिवस चिकटून राहण्याआधी निघाली तर लाइमचा धोका फार कमी होतो. गोचीड दिसली तर तिच्यावर तेल किंवा दुसरे काही न ओतता बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची, हे आता मुलगीच तिच्या मैत्रिणींना शिकवते.

पुढच्या तपासणीला येऊ तेव्हा वही सोबत आणू. तोवर आपले मनःपूर्वक आभार.

आपली कृतज्ञ,
एक आई