गट्सला नुसत्या रक्तपातावरून मोजू नका

माननीय संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्याकडे एका पालकांचं पत्र छापून आलं होतं, की ही जपानी मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, नुसती मारकाट आणि पोरं मोबाईलवर तेच वाचून डोक्यात राग भरून घेतात. त्यांनी ‘बर्सर्क’चं नाव घेतलं म्हणून लिहितोय. त्यांची काळजी खरी आहे, ही मांगा लहान पोरांसाठी नाहीच, जपानमध्येपण ती ‘यंग अ‍ॅनिमल’ नावाच्या मोठ्यांच्या नियतकालिकात येते, त्यामुळे नववी-दहावीच्या पोराच्या हातात देऊ नका असं मीपण सांगेन. पण नुसती मारकाट? हे मला अजिबात पटत नाही, कारण माणसाच्या रागाचं पुढे काय होतं हे इतकं आत शिरून दाखवलेलं मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही.

‘बर्सर्क’चा नायक गट्स जन्मला तोच फाशी दिलेल्या आईच्या प्रेताखाली. भाडोत्री सैनिकांच्या टोळीतल्या ज्या बाईने त्याला उचलून माया लावली ती प्लेगने गेली, आणि ज्याला तो बाप मानायचा त्या गॅम्बिनोने तीन चांदीच्या नाण्यांसाठी त्याला एका रात्रीपुरतं टोळीतल्याच माणसाला विकलं. पुढे तोच बाप त्याला मारायला उठला आणि जीव वाचवताना गट्सच्या हातून मेला. असं पोर मोठं झाल्यावर कुणी नुसता खांद्याला हात लावला तरी दचकतं, हे लेखक केंतारो मिउरा भाषण न देता चित्रातूनच दाखवतात.

मग ग्रिफिथ नावाचा म्होरक्या भेटतो, त्याची भाडोत्री सैनिकांची ‘ससाण्याची टोळी’ भेटते, त्या टोळीतली लढवय्यी कास्का भेटते, आणि पहिल्यांदा त्याला आपली माणसं मिळतात. इथे एक प्रसंग आहे तो मी कितीदा तरी वाचलाय. ग्रिफिथ राजकन्येला सांगत असतो की मी मित्र त्यालाच म्हणेन ज्याला स्वतःचं स्वप्न आहे, जो माझ्या बरोबरीचा आहे, आणि खाली उभा असलेला गट्स ते ऐकतो. बस, तेवढ्यावरून तो टोळी सोडून जातो, ग्रिफिथच्या बरोबरीचा व्हायला म्हणून जातो, आणि त्याच्या जाण्यानेच ग्रिफिथ आतून मोडतो. राग यावा असं त्या क्षणी दोघांपैकी कुणीच काही केलेलं नसतं, आणि तरी पुढचा सगळा सत्यानाश तिथूनच सुरू होतो. ‘ग्रहण’ नावाच्या प्रकरणात ग्रिफिथ स्वतःच्या स्वप्नासाठी सगळ्या टोळीचा राक्षसांना बळी देतो, गट्सचा डावा हात आणि उजवा डोळा जातो, कास्का भ्रमिष्ट होते.

आमच्या भुसावळची बरीच पोरं या मांगावरचं 1997 चं अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका, बघून मला म्हणतात, काय भो, शेवटी सगळे मेलेच ना. ते अ‍ॅनिमे 25 भागांचं आहे आणि ग्रहणापाशी थांबतं, त्यामुळे माणूस कसा मोडतो तेवढंच त्यांनी बघितलंय, मोडलेला माणूस पुढे काय करतो हे बघितलेलंच नाही.

गट्सच्या मानेवर बळीचं चिन्ह आहे, रात्री भुतं जवळ आली की त्यातून रक्त येतं. ते वाचताना मला आपल्या नंदुरबारकडचा अस्तंब्याचा डोंगर आठवतो, दिवाळीत लोक यात्रेला चढतात तो, तिथे अश्वत्थामा डोक्यावरच्या जखमेसाठी तेल मागत फिरतो म्हणतात. न भरणारी जखम दोघांना आहे पण अश्वत्थामा एकटाच फिरतो, गट्स एकटा राहत नाही आणि माझ्या मते खरी गोष्ट इथेच आहे.

कास्काला मागे ठेवून तो दोन वर्षं सूड घेत फिरतो. परत येतो तेव्हा म्हातारा लोहार गोडो त्याला स्पष्ट सुनावतो, की दुःख सोसवेना म्हणून तू द्वेषाकडे पळालास आणि जी एक उरली होती तिला सोडून गेलास. त्यानंतर तो कास्काला घेऊन निघतो, आणि बर्फातल्या त्या प्रवासात त्याच्या आतलं जनावर एकदा तिच्यावरच धावून जातं. इथे मिउरांनी त्याला कसलीच सवलत दिलेली नाही. कास्काला आपल्यापासूनच धोका आहे हे त्याला कळतं आणि म्हणून हा कुणालाही जवळ न करणारा माणूस फार्नेझे, सर्पिको, इसिड्रो यांना सोबत घेतो. ताकद वाढवायला नाही, तर स्वतःवर भरवसा राहिला नाही म्हणून. हिरो कधी असं कबूल करतो का हो?

आणि पुढे गट्स घालतो ते जादूचं चिलखत! अंगावर चढलं की वेदना कळत नाहीत, मोडलेल्या हाडांत लोखंड घुसवून ते माणसाला लढवत ठेवतं, त्यापायी गट्सचे केस पांढरे होत जातात, जिभेची चव जाते, आणि रागाच्या भरात त्याला आपलं-परकं कळेनासं झालं की शियर्के नावाची लहान मुलगी हाक मारून मागे आणते. राग फुकट मिळत नाही हे दर वेळी त्याच्या अंगावर दिसतं. अशी गोष्ट वाचून पोरगा रागीट होईल असं मला खरंच वाटत नाही.

मिउरा 6 मे 2021 ला गेले, वय फक्त 54. शेवट त्यांनी शाळेपासूनचे मित्र कोउजी मोरी यांना सांगून ठेवला होता, म्हणून 2022 पासून मोरींच्या देखरेखीखाली त्यांचेच सहाय्यक गोष्ट पुढे नेतायत.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत अशा मांगांवर कधी एक पान द्या ही विनंती, वयाची सूचना ठळक छापून द्या पण द्या, वाचणारे इकडे भुसावळ-जळगावला भरपूर आहेत.

आपला,
एक वाचक, भुसावळ