पेंचच्या पाण्यावर बोटी हव्यात साहेब, पण आवाज नको न डिझेल नको

मा. पर्यटन मंत्री साहेब, नमस्कार.

कोयनेच्या शिवसागरात तापोळा, बामणोलीला बोटी आहेतच, आता मुनावळ्यालाही सरकारनेच जलपर्यटन सुरू केलं, चांगलंच झालं. आमच्या नागपूरच्या माणसाला रविवारी पोरांना घेऊन जायचं तर अंबाझरी, फुटाळा, नाहीतर रामटेककडचं खिंडसी. म्हणून सातपुड्यातला तोतलाडोहचा एवढा मोठा जलाशय पाहून लोक म्हणतात, इथं पण जेट स्की आणा, स्पीडबोट आणा.

साहेब, ते मात्र करू नका. हा जलाशय पेंच व्याघ्र प्रकल्पात आहे, उन्हाळ्यात जंगलातली जनावरं त्याच काठावर पाणी प्यायला येतात, आणि तेच पाणी खाली नवेगाव खैरीला येऊन पुढं आमच्या नळाला येतं. त्यात डिझेल सांडायचं न आपणच प्यायचं का? उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडालेल्या झाडांचे खुंट वर येतात, तिथं स्पीडबोट चालवणं म्हणजे जीवाशी खेळ आहे.

मोठा जलाशय जनावरांसाठी शांत राहू द्या न पेंचमधल्याच कोलितमारा गावाकडचं बोटिंग नीट वाढवा. बॅटरीवरच्या, सोलर बोटी द्या. केरळात 2017 पासून 75 प्रवाशांची 'आदित्य' नावाची सोलर फेरी रोज लोकांची ने-आण करते, मग आपल्या उन्हात काय कमी आहे! आणि त्या बोटी चालवायला बाहेरचा ठेकेदार नको, इथले ढीवर, म्हणजे पिढीजात मासेमार, घ्या. व्याघ्र प्रकल्पात मासेमारी बंद आहे, पण पाणी कुठं खोल, वारा कधी सुटतो हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत आहे? त्यांना ट्रेनिंग, लायसन्स न महिन्याचा पगार द्या.

सेफ्टीचं तर हात जोडून सांगतो. 2017 च्या जुलैत वेणा धरणात नाव उलटली, मोबाईलवर लाइव्ह चालू होतं आणि नागपूरचे तरुण पोट्टे बुडाले. ती घरं अजून सावरली नसतील. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय नाव काठावरून हलूच नये, किती माणसं बसणार ते नावेवर मोठ्या अक्षरात लिहा, जोराचा वारा असला की फेरी बंद, मग पर्यटक कितीही भांडो.

हिवाळी अधिवेशनाला नागपूरला याल तेव्हा एक सकाळ कोलितमाऱ्यासाठी काढा, ढीवरांशी बसून बोला, आणि बोटींसाठी पैसे त्याच अधिवेशनात मंजूर करा.

आपला,
पेंचचं पाणी पिणारा एक नागपूरकर