श्वासनळ्या सुजून घरी गेलेल्या बाळाला तीन आठवड्यांनी कोण तपासतं?

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

मी शिरपूर भागात लहान मुलांचा डॉक्टर आहे. पावसाळा सरत आला की थंडी संपेपर्यंत वर्षाच्या आतली बाळं एकामागून एक भरती होतात. आधी नाक वाहतं, मग पोट उडायला लागतं, दूध ओढवत नाही. बहुतेकांना ब्राँकिओलायटिस असतो. आरएसव्ही किंवा ऱ्हायनो विषाणूमुळे फुप्फुसातल्या बारीक नळ्या सुजलेल्या असतात. ऑक्सिजन, नाकाची सफाई, पोटात दूध-पाणी, एवढ्यावर बहुतेक बाळं काही दिवसांत घरी जातात. डिस्चार्ज कार्ड हातात पडलं की यंत्रणेच्या लेखी विषय संपतो.

काही महिन्यांनी तीच आई पुन्हा दारात असते. "डाक्टर, पोऱ्यानी छाती परत वाजाले लागनी."

अमेरिकेतल्या १७ रुग्णालयांनी अशाच बाळांच्या नाकातले जिवाणू तपासले. भरती झाल्यानंतर तीन आठवड्यांनी ज्यांच्या नाकात मोराक्सेला किंवा स्ट्रेप्टोकोकस गटाचे जिवाणू जास्त होते, त्यांना तीन वर्षांच्या आत वारंवार घरघर होण्याचा धोका जास्त दिसला. कोपनहेगनच्या अभ्यासात (२००७) तर लक्षणं नसलेली महिन्याची बाळं होती, दमेकरी आयांची. ज्यांच्या घशात न्यूमोकोकससारखे (न्यूमोनिया करू शकणारे) जिवाणू सापडले, त्यांच्यातल्या ३३ टक्के मुलांना पाचव्या वर्षी दमा होता. इतरांत १० टक्के.

जिवाणूंमुळेच दमा होतो असं यातून सिद्ध होत नाही. म्हणून घरघर ऐकली की अँटिबायोटिकची बाटली द्या, असा अर्थ कुणी काढू नये. ती आजही सर्रास दिली जाते आणि विषाणूवर तिचा काडीचा उपयोग नाही. मला यातून दिसतं ते हे, की बाळ घरी गेल्यावरचे आठवडे महत्त्वाचे आहेत, आणि नेमकं तेव्हाच त्याच्याकडे कुणी पाहत नाही.

साहेब, आशाताई तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी जातातच. फुप्फुसाच्या आजाराने भरती झालेल्या प्रत्येक बाळाची नोंद त्यांच्यापर्यंत पोहोचवा आणि तिसऱ्या आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात एक तपासणी ठरवून द्या. श्वास मोजावा, छाती ऐकावी, घरात चुलीचा नि विडीचा धूर किती हे विचारावं. न्यूमोकोकसची लस २०२१पासून आपल्याकडे मोफत आहे. तिचे दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिन्यांचे डोस झालेत का, तेही पाहावं. ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या सातपुड्यातल्या कुटुंबांत हे डोस हमखास चुकतात. त्यामुळे नोंद आईच्या मोबाइलवरही असू द्या, फक्त उपकेंद्राच्या वहीत नको.

ज्यांना वारंवार घरघर होते त्यांच्यासाठी केंद्रात इन्हेलर, स्पेसर (इन्हेलरला जोडायची पोकळ नळी) आणि छोटा मास्क हवा. त्याला वीज लागत नाही, आणि धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर ही मोठी गोष्ट आहे.

आणखी एक. ते अभ्यास झाले त्या घरांत कापसाच्या पऱ्हाट्यांच्या चुली नव्हत्या. धुळे, जळगाव आणि नंदुरबार, तिन्ही ठिकाणी शासनाची वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. आमच्या बाळांच्या नाकात काय आहे आणि पुढे त्यांचं काय होतं, याचा तीन वर्षांचा अभ्यास त्यांच्याकडे सोपवा. निधीची तरतूद येत्या अर्थसंकल्पात करा. तिसऱ्या आठवड्याच्या तपासणीचं परिपत्रक मात्र त्यासाठी थांबवू नका, ते या थंडीआधी निघायला हवं.

आपला,
शिरपूर भागातील एक बालरोगतज्ज्ञ