कलम ३९ फायलीबाहेर कधी येणार?

महोदय,

'गांजा ओढताना तिघे ताब्यात' अशी चार ओळींची बातमी आपल्या अंकात अधूनमधून असते. त्या तिघांचं पुढे काय होतं, ते वाचायला मिळत नाही. फौजदारी कोर्टात कारकुनी करताना मी ते वर्षानुवर्षं पाहिलं. पट्टेवाला हाक देतो, पोरगा पिंजऱ्यात उभा राहतो. 'गुन्हा कबूल आहे?' 'कबूल.' दंड होतो, आई कनवटीच्या नोटा मोजून भरते आणि रोजनाम्यात दोन ओळी पडतात. दंड भरणारं कुणी नसेल तर पोरगा आत. काही महिन्यांनी तेच नाव पुन्हा बोर्डावर, म्हणजे कोर्टाच्या खटल्यांच्या यादीत.

खरं तर १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात यावर वाट आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेला माणूस व्यसनी असेल, तर कलम ३९नुसार कोर्ट लगेच शिक्षा न देता, त्याच्या संमतीने, बंधपत्र घेऊन त्याला सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचाराला पाठवू शकतं. उपचाराचा अहवाल एका वर्षाच्या आत कोर्टापुढे यायला हवा. कलम ६४अ तर त्याहून पुढे जातं. आरोपी स्वतःहून उपचार घ्यायला तयार असेल तर खटल्यातूनच सूट, आणि उपचार अर्धवट सोडले तर ती सूट काढून घेता येते. हे सगळं सेवन करणाऱ्यासाठी आहे. माल विकणाऱ्या टोळ्यांची कीव करा असं मी म्हणत नाही.

मग घोडं अडतं कुठे? आरोपीला ही कलमं ठाऊक नसतात. वकिलाला प्रकरण आजच संपवायचं असतं. कोर्टाला विचारावंसं वाटलं तरी कोणत्या केंद्रात खाट रिकामी आहे, हे त्या क्षणी सांगणारं कुणी नसतं. पुण्यात येरवड्याला कारागृह आहे आणि १९८६ साली डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेलं 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्रही त्याच येरवड्यात. इतकं जवळ असून कोर्टातून निघणारी गाडी बहुधा कारागृहाकडेच वळते.

'कोर्टाच्या धाकानं व्यसन सुटतं होय?' असं लोक विचारतात. व्यसनमुक्ती केंद्राची पायरी राजीखुशीने चढणारे असतात तरी किती? कुणाला बायको ओढून आणते, कुणाला नोकरी जायची भीती. त्यात कोर्टाची भर पडली तर बिघडलं काय? अमेरिकेत मायामीला १९८९ पासून व्यसनी आरोपींना उपचाराला लावणारी खास कोर्टं चालतात. तिथे माणूस ठरावीक दिवसांनी त्याच न्यायाधीशापुढे येतो, लघवीची तपासणी होते. मधेच पाय घसरला, म्हणजे ज्याला आपल्याकडचे व्यसनमुक्त लोक 'स्लिप' म्हणतात ती झाली, तरी लगेच तुरुंग नसतो. आपल्याकडे निदान एवढी समज हवी. मात्र कोंडून मारहाण करणाऱ्या दुकानवजा केंद्रात कुणाला पाठवू नये. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेले विकार मानसिक आजारात धरले आहेत, तेव्हा रुग्णाचे हक्क व्यसनी माणसालाही आहेत.

दारूड्याला तर कलम ३९चा आधारही नाही. नव्या न्याय संहितेत सार्वजनिक ठिकाणी पिऊन धिंगाणा घातल्यास समाजसेवेची शिक्षा देता येते, पण रस्ता झाडून दारू सुटत नाही. १९५८च्या परिवीक्षा कायद्याने आरोपीला शिक्षेऐवजी चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडता येतं. त्याखालच्या बंधपत्रात नशेपासून दूर राहण्याची अट घालता येते. तिला उपचाराची जोड द्यायला कुणाची आडकाठी आहे?

गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची २०१५ पासून व्यसनग्रस्तांसाठी योजना आहे. जिल्हा प्राधिकरणाने तिच्याखाली एक विधी स्वयंसेवक रिमांडच्या वेळी कोर्टात बसवावा, मान्यताप्राप्त केंद्रांची फोन नंबरांसह यादी शिरस्तेदाराच्या, म्हणजे कोर्टाच्या मुख्य कारकुनाच्या, टेबलावर ठेवावी आणि 'कबूल' म्हणण्याआधी त्या पोराला 'उपचार घेशील का?' एवढं विचारावं. यासाठी नवा कायदा लागत नाही.

– एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, पुणे