तुझ्या पोराच्या लग्नातल्या ताटाबद्दल

प्रिय मित्रा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

परवा फोनवर तू पाऊण तास बोललास आणि मी नुसतं हं हं करत राहिलो, तुला वाईट वाटलं असेल. पण खरंच नीट सुचत नव्हतं, आणि असल्या विषयावर घाईघाईत काहीतरी बोलून मोकळं व्हायचं नव्हतं. आज रविवार, उपासनेहून आलो, जेवलो आणि लिहायला बसलोय. लांबेल, पण पूर्ण वाच.

तर लग्न वसईला, व्याही कॅथलिक, त्यांच्याकडे टोस्टला वाइन असणार, जेवणात पोर्क असणारच. आणि इकडे नगरहून तुझे आईपप्पा, मोठे काका, आपल्या चर्चच्या पंचकमिटीतले दोघंतिघं सगळे म्हणतायत ख्रिस्ती लग्नात दारू कशी काय, आणि डुक्कर? काका बायबलातलं लेवीय ११ उघडून बसलेत, काय खायचं नि काय नाही ते सांगणारं. आणि तू मधल्या मधे चेपला गेलायस.

मला आधी हे सांगायचंय की दोन्हीकडची माणसं खोटं वागत नाहीयेत. दोघांना जसं मिळालं तसं ते जपतायत. वसईत पोर्तुगीज १५३४ ला आले आणि १७३९ पर्यंत होते, दोनशे वर्षं. त्यांच्या घरात वाइन जेवणाचा भाग, मांस वाइनच्या आंबटात आणि लसणात मुरवायची पद्धत त्यांचीच, त्यातूनच विंदालू आणि इंदियाल आलं. आपल्या नगरला अमेरिकन मिशन आलं १८३१ ला, ते बॉस्टनच्या मिशनरी बोर्डाचं. आणि त्याच बॉस्टनमध्ये १८२६ ला दारूबंदीची मोठी संस्था निघाली होती, ती काढण्यात पाद्रीच पुढे होते. म्हणजे आपल्याकडे जे मिशनरी आले ते त्याच हवेत वाढलेले. त्यामुळे आपल्याला लहानपणापासून वाटतं की दारूला हात न लावणं हेच ख्रिस्तीपण, आणि तुझ्या व्याह्यांना असं वाटायचं कारणच नव्हतं. बायबल एकच, पण ते आपल्यापर्यंत आलं दोन वेगळ्या बंदरांतून.

आता काकांचं म्हणणं. लेवीयमध्ये नियम स्पष्ट आहे, खूर चिरलेला पाहिजे आणि रवंथ पण केली पाहिजे. डुकराचा खूर चिरलेला पण रवंथ नाही, म्हणून बाद. उंट आणि ससा रवंथवाले म्हणून धरलेत पण खुरात नापास. पण त्याच अध्यायात पुढे पाण्यातल्याचं आहे, ज्याला पंख आणि खवले नाहीत ते खायचं नाही, म्हणजे कोळंबी, खेकडा, तिसऱ्या सगळं गेलं. काकांना कोळंबीचं कालवण किती आवडतं ते तुला माहितीय. हे मी त्यांना टोचायला म्हणत नाही, पण नियम धरायचा तर अख्खा धरावा लागतो ना. कोकणातल्या बेने इस्राएल लोकांनी, म्हणजे आपल्या मराठी यहुद्यांनी, तो अख्खा धरला. त्यांच्यात आख्यायिका सांगतात की डेव्हिड रहाबी नावाचा यहुदी माणूस आला, त्याने घरातल्या बायकांना मासे निवडायला दिले, त्यांनी पंख-खवले नसलेले बाजूला काढले, आणि त्यावरून त्याने ओळखलं की हे आपलेच. शतकानुशतकं सगळ्यांपासून तुटून, मराठी बोलत, तेलाचे घाणे चालवत, शनिवारी घाणा बंद ठेवत त्यांनी ते जपलं. त्यांच्यासाठी तो देवाशी केलेला करार आहे, मला त्याबद्दल फार आदर आहे. पुण्यात शिकताना माझा रूम पार्टनर सेवंथ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाचा होता, त्याला पोर्क नको, कोळंबी नको, चहासुद्धा नको, आणि तो कधी माझ्या ताटात डोकावला नाही. काकांनी पण तसं पाळलं तर मी त्यांच्यासाठी वेगळं ताट स्वतः वाढीन.

पण पाळायलाच पाहिजे असं म्हणाल तर प्रेषितांची कृत्ये १० वाच, शांतपणे वाच. येशूचा शिष्य पेत्र यापो गावी राहतोय कोणाकडे? कातडं कमावणाऱ्या शिमोनाकडे, आपल्या जुन्या बायबलात त्याला चांभार म्हटलंय. मेलेल्या जनावराच्या कातड्याचं काम, म्हणजे शहाण्यासुरत्या यहुद्यांनी लांबच राहावं असं घर. तिथे गच्चीवर भुकेला बसलेला असताना त्याला दृष्टांत होतो, चार कोपरे धरून सोडलेली चादर खाली येते, त्यात सगळे प्राणी, मारून खा अशी वाणी, पेत्र म्हणतो छे, मी कधीच असलं खाल्लं नाही. तीनदा होतं हे. तो विचारात पडलाय तेवढ्यात दारात कर्नेल्याची माणसं, रोमी शताधिपतीची. आणि पेत्र त्याच्या घरी गेल्यावर काय म्हणतो, की देवाने मला दाखवलं, कोणाही माणसाला अशुद्ध म्हणू नये. माणसाला, दोस्ता. दिसले प्राणी, आणि त्याला कळलं माणसाबद्दल.

आपले पणजोबा कुठून आले ते आठव. गावाबाहेरून. त्यांना पाणी वरून ओतून मिळायचं, ओंजळीत. चहाचा कप वेगळा, तो वळचणीला खोचलेला. आपल्या घरात पहिल्यांदा हा अध्याय कोणी वाचला असेल तेव्हा काय वाटलं असेल याचा मी खूप वेळा विचार करतो. त्यांनी तो डुकराच्या मटणासाठी वाचला नसेल. आणि आता आपणच, त्यांची नातवंडं-पतवंडं, व्याह्यांच्या पंगतीला बसू की नाही यावर वाद घालतोय, हे मला सहन होत नाही. अंत्युखियात पेत्रच परत घाबरून परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, पंगतीतून उठला होता, प्रेषित पौलाने त्याला तोंडावर सुनावलं, गलतीकरांच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे.

हां, एक गोष्ट मात्र. यरुशलेमच्या सभेने, कृत्ये १५, परराष्ट्रीयांतून आलेल्यांना चार गोष्टी टाळायला सांगितल्या, मूर्तीला वाहिलेलं, रक्त, गळा दाबून मारलेलं आणि जारकर्म. आपल्याकडे गावात रक्ती, म्हणजे बोकडाचं शिजवलेलं रक्त, सगळे चवीने खातात, त्यावर कधी पंचकमिटी बसली नाही. मी स्वतः रक्ती खात नाही, पण कोणाच्या हातातून काढूनही घेत नाही. आणि जत्रेच्या बोकडाचं आमंत्रण, शेजारच्या काकूंनी आणून दिलेला प्रसाद, हा तर आपला रोजचा प्रश्न. पौलाने करिंथकरांना जे सांगितलं ते मला अजून पुरतं, बाजारात विकतात ते चौकशी न करता खा, पण कोणी मुद्दाम सांगितलं की हे वाहिलेलं आहे तर त्या सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. त्या सांगणाऱ्यासाठी. हे शब्द लक्षात ठेव, पुढे लागणारेत.

आता वाइन. पप्पा म्हणाले ना की येशूने द्राक्षारस केला, दारू नाही केली. मला पण लहानपणी तसंच वाटायचं, कारण आपल्या मराठी बायबलात द्राक्षारस लिहिलंय आणि रस म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर उसाचा नाहीतर आंब्याचा रस येतो. पण विचार कर, येशूच्या देशात द्राक्षं उन्हाळ्याच्या शेवटी निघतात, यहुद्यांचा वल्हांडण सण, ज्याला येशूने शिष्यांना प्याला दिला, तो वसंतात, मधे सहा-सात महिने, फ्रीज नाही, तो रस गोड राहील कसा? काही दिवसांत आंबतोच. न आंबवलेला रस टिकवायची युक्ती १८६९ ला अमेरिकेत वेल्च नावाच्या मेथडिस्ट दंतवैद्याने प्रभुभोजनासाठीच, म्हणजे त्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीतल्या प्याल्यासाठी, काढली, रस गरम करून बाटलीत बंद करायचा. त्याच्या आधी अठराशे वर्षं ख्रिस्ती मंडळी प्याल्यात काय घेत होती? आणि करिंथच्या मंडळीत तर प्रभुभोजनालाच एक उपाशी राहायचा आणि दुसरा पिऊन मस्त व्हायचा, पौलाने लिहिलंय, रसाने कोणाला नशा चढते? काना गावच्या लग्नात येशूने पाण्याचा द्राक्षारस केला ते सहा दगडी रांजण होते, हिशेब केला तर पाचशे ते सातशे लिटर होतो. त्यामुळे पप्पांना प्रेमाने सांग की वाइन पिणं हेच पाप असं शास्त्र म्हणत नाही. आपला तरुण साथी तीमथ्याला तर पोटासाठी थोडा घे असं पौल लिहितो. स्तोत्र १०४ म्हणतं की द्राक्षारस माणसाचं मन आनंदित करतो. पाप आहे ते नशेला. त्याबद्दल शास्त्र जराही सैल नाही, नीतिसूत्रे २३ चा शेवट वाच, प्याल्यात लाल चमकतो आणि शेवटी सापासारखा डसतो.

तो डसलेला मी घरात बघितलाय, तुला माहितीच आहे. आमचे अण्णा. शनिवारी पगार झाला की गुत्ता, आणि रविवारी सकाळी आई मंडळीसाठी मनुका भिजवून उकळून प्रभुभोजनाचा रस तयार करत असायची, डोळे सुजलेले, आणि अण्णा आतल्या खोलीत पडलेले. ज्या घरातून मंडळीला प्याला जायचा त्याच घरात हे चाललेलं. ते गेले तेव्हा मी अकरावीत होतो, तू स्मशानात माझा हात धरून उभा होतास. तेव्हापासून मी थेंब घेतला नाही, घेणारही नाही. मी घेत नाही ते मला मनाई आहे म्हणून नाही. आईसमोर मला तो वास घेऊन उभं राहता येणार नाही म्हणून.

आणि इथेच मला तुझ्यावर थोडा राग आलाय, सरळ लिहितो. पाऊण तासात तू पप्पांबद्दल बोललास, काकांबद्दल, पंचकमिटीबद्दल, व्याही काय म्हणतील त्याबद्दल, पण तुझ्या धाकट्या भावाचं नाव एकदाही आलं नाही. त्याने दारू सोडून नऊ महिने झालेत. लोक किती वेळा नऊ महिन्यांवरून परत खाली येतात ते मी बघितलंय. त्या टेबलवर सगळ्यांच्या हातात ग्लास, वेटर त्याच्यासमोर पण ग्लास ठेवणार, नवऱ्यामुलाचा सख्खा काका म्हणून लोक आग्रह करणार, अरे पुतण्याचं लग्न, एक घे. रोमकरांस १४ मधलं वचन त्याच्यासाठी आहे रे, की मांस न खाणं, द्राक्षारस न पिणं, ज्याने आपला भाऊ ठेचाळतो ते न करणं हे चांगलं. पौलाला स्वतःला सगळं खायला मोकळीक होती, तरी तो म्हणाला की अन्नाने माझा भाऊ अडखळणार असेल तर मी कधीच मांस खाणार नाही.

व्याह्यांना हे समजणार नाही असं समजू नकोस. त्यांच्याकडे मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, खरी द्राक्षाची वाइनच लागते, त्यांचा कायदाच आहे तसा, पण एखाद्या फादरला दारूच्या आजारामुळे ती घेता येत नसेल तर वरून परवानगी घेऊन मुस्तुम वापरता येतं, म्हणजे आंबणं सुरू होता होता थांबवलेला रस. एका माणसासाठी वेदीवरचा प्याला बदलू शकतो तर एका टेबलवरचे ग्लास का नाही बदलणार.

म्हणून मी म्हणतो असं कर. पोर्कला नाही म्हणू नकोस, ते त्यांच्या मायेचं जेवण आहे, मी स्वतः खाणारे. काका आणि आईसाठी चिकन-मटण वेगळं ठेवायला सांग, आणि त्यांना काय खाताय नि काय नाही असं कोणी विचारायचं नाही. त्यांच्याकडच्या लोकांची वाइन त्यांना घेऊ दे. आपल्या घरच्या टेबलांवर मात्र टोस्टला कोकम सरबत, सगळ्यांना, तुलासुद्धा, म्हणजे भाऊ एकटा वेगळा दिसणार नाही. मी त्याच्या शेजारी बसेन, पूर्ण वेळ, जेवण होऊन गाडीत बसेपर्यंत.

फक्त हे सगळं त्याच्या डोक्यावरून ठरवू नकोस. आधी त्याला विचार, त्याला काय चालेल, की त्याला टोस्टच्या वेळी बाहेर थांबायला बरं वाटेल. आज रात्रीच फोन कर, वहिनीला करायला लावू नकोस, तू कर. मग व्याह्यांना. आणि मग मला, कितीही वाजले तरी. मी लग्नाच्या दोन दिवस आधी सकाळच्या गाडीने निघतोय, आई पण येते म्हणतेय.

आईपप्पांना सलाम, वहिनीला सलाम, पोराला आशीर्वाद.

तुझाच,
संडे स्कूलमधला शेजारी