व्हिडिओ धडे आणि अभिप्रायाचा फॉर्म

चि. अनघा,
अनेक आशीर्वाद.

वेल्डिंगचे व्हिडिओ धडे करायला घेते आहेस, तर आधी कॅमेऱ्याची जागा ठरव. समोरून चित्रण केलं की डावं-उजवं उलटं दिसतं आणि रॉड पकडणारा होल्डर कसा धरायचा यातच मुलं गोंधळतात. कॅमेरा वेल्डरच्या खांद्यामागून, त्याला दिसतं तसंच दाखवणारा हवा. आर्कच्या, म्हणजे रॉड आणि धातू यांच्यात पेटणाऱ्या विजेच्या, झोताने चित्र एकतर पांढरं फटक पडतं, नाहीतर काळं. मोल्टन पूल, म्हणजे वितळलेल्या धातूचं डबकं, दिसतच नाही. लेन्ससमोर 10 किंवा 11 नंबरची वेल्डिंगची काच बसव. मात्र त्या काचेतून आर्क पेटण्याआधीचं काही दिसत नाही, म्हणून जॉब (जोडायचे तुकडे) साफ करणं, टॅक मारणं (छोट्या टाक्यांनी ते जागेवर धरणं) हे वेगळं, काचेविना घे.

मागे संगीत नको. आर्कची तडतड ऐकू आलीच पाहिजे, आर्कची लांबी बरोबर आहे की नाही हे कानालाही कळतं. 3.15 मिमीच्या रॉडला टोकापासून जॉबपर्यंत साधारण 3 मिमी अंतर; ते वाढलं की आवाज बदलतो, स्पॅटर, म्हणजे वितळलेल्या धातूचे थेंब, उडतो. तिथे निवेदन थांबव.

निवेदनातली वाक्यं जशीच्या तशी पडद्यावर छापू नकोस. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांत दिसलं, की चित्र आणि निवेदन सोबत असताना तोच मजकूर पुन्हा दाखवला तर शिकणं घटतं, कारण डोळे वाचण्यात गुंततात. अँपिअरचा आकडा, भागाचं नाव एवढंच लिही. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी सबटायटल चालू-बंद करता येतील अशी दे. एका धड्यात एकच क्रिया, तीन-चार मिनिटांत.

आता मुलांच्या समाधानाचं, म्हणजे अभिप्रायाच्या फॉर्मचं. 'व्हिडिओ आवडला का?' याला मुलं पाचपैकी पाच देऊन मोकळी होतात. प्रशिक्षणाचे अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड किर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्येच प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या मांडल्या: प्रतिक्रिया, शिकणं, वर्तन, परिणाम. आवडणं ही त्यातली फक्त पहिली. म्हणून विचार, 'कुठे थांबवून मागे न्यावं लागलं?', 'वर्कशॉपमधल्या मशीनवर तसंच जमलं का?' दुसऱ्या प्रश्नात बरीच नाराजी बाहेर येईल. पडद्यावर डिजिटल आकडे आणि हातात करंटचा जुना फिरवायचा रेग्युलेटर असेल, तर धडा कितीही देखणा असो, मुलं वैतागणारच. चित्रण त्यांच्याच मशीनवर कर.

फॉर्म व्हिडिओ संपल्यावर लगेच नाही, जॉब झाल्यावर दे. आणि त्यावर नाव लिहायला लावू नकोस. मार्क तुझ्या हातात असताना खरं कोण लिहील?

तुझे
बाबा