खांद्याचे प्रत्येक दुखणे ‘फ्रोजन शोल्डर’ नसते

महोदय,

गणेशोत्सव जवळ आला की नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू होतात आणि खांदा धरून बसणारी तरुण मुलेमुली, विशेषतः ध्वज नाचवणारी, ओळखीपाळखीत दिसू लागतात. घरोघरी या दुखण्याला सरसकट ‘फ्रोजन शोल्डर’ म्हटले जाते आणि ‘हात जोर लावून फिरवत राहा, मोकळा होईल’ असा सल्ला मिळतो. शरीररचनाशास्त्र शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. हा सल्ला ऐकून गप्प राहवत नाही.

हात उचलताना बाहेरून दिसतो तो खांद्यावरचा डेल्टॉइड स्नायू. त्याच्याआड सुप्रास्पिनेटस नावाचा लहान स्नायू असतो. फऱ्याच्या हाडावर मागून एक आडवा कंगोरा हाताला लागतो. त्याच्या वरच्या खोलगट जागेतून हा स्नायू निघतो, अॅक्रोमियन या हाडाच्या छपराखालून अरुंद वाटेने बाहेर येतो आणि त्याची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा, दंडाच्या हाडाच्या वरच्या उंचवट्यावर रुजते. हात बाजूला उचलण्याचे पहिले १५ अंश त्याचे, असे आम्ही वर्षानुवर्षे शिकवले. स्नायूंतील विद्युतक्रिया मोजल्यावर मात्र तो डेल्टॉइडच्या जोडीने पुढेही राबत असतो असे दिसते. माझ्या मते त्याचे खरे मोल वेगळेच आहे. खांद्याची खोबण इतकी उथळ असते की दंडाच्या हाडाचा गोल माथा तिच्यात जेमतेम टेकतो. डेल्टॉइड ते हाड वर खेचत असताना सुप्रास्पिनेटस आणि रोटेटर कफ या खांद्याभोवतीच्या स्नायूगटातले त्याचे तीन सोबती तो माथा खोबणीत दाबून धरतात. हे स्नायू थकले की माथा वर सरकू लागतो आणि छपराखालची कंडरा चेपली जाऊ शकते.

फ्रोजन शोल्डरमध्ये सांध्याभोवतीचे आवरणच आखडते (मधुमेहींमध्ये हे अधिक आढळते), त्यामुळे दुसऱ्याने उचलूनही हात पुरता वर जात नाही. कंडरा फाटली असेल तर हात स्वतःला उचलवत नाही, पण दुसऱ्याने आधार दिल्यास तो बहुधा वर जातो. हा फरक तपासणीत कळतो, आणि तो कळण्याआधी जोर लावून ताणल्यास फाटलेली कंडरा आणखी फाटण्याचा धोका असतो.

पथकप्रमुखांना कळकळीची विनंती आहे, की ध्वज पाळीपाळीने द्यावा आणि ज्याला रात्री दुखऱ्या खांद्याच्या कुशीवर झोपवत नाही, त्याला सरावाला उभे न करता आधी अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवावे.

– एक निवृत्त प्राध्यापक, पुणे